माहिती उपलब्ध नाही, सबब...

महाराष्ट्रात सरकारी कार्यालयाकडे माहिती मागायची तर ती दीडशे शब्दांत मागावी लागते. एका अर्जात एकच विषय आणि साधारणपणे 150 शब्द, अशी दुरुस्ती राज्याच्या नियमांत 2012 साली झाली. केंद्राच्या कार्यालयांना 500 शब्द चालतात. मराठी माणूस मुळातच मितभाषी आहे, असा कुणाचा तरी समज झालेला दिसतो. ज्याचा झाला त्याने मराठी अर्ज कधी वाचलेला नसावा. "मा. महोदय, मी खाली सही करणार, राहणार अमुक, विनंती अर्ज सादर करतो की" इथवर यायलाच दहा-पंधरा शब्द खर्ची पडतात. त्यात 'सदरहू', 'उपरोक्त', 'तरी मेहेरबान साहेबांनी' ही मानकरी मंडळी बसवली, की मूळ गटाराच्या वाट्याला जेमतेम निम्मे शब्द उरतात.

गटाराचं नाव निघालंच आहे तर सांगतो. आमच्या गल्लीत नगरपालिकेने एक गटार बांधलं. (खरं तर नगरपरिषद म्हणायला हवं, 1965 च्या कायद्यात तेच नाव आहे. पण गावात तसं म्हणणारा एकच माणूस, पाटी रंगवणारा.) हे गटार निम्मी गल्ली चालून आलं आणि एका विजेच्या खांबाशी थांबलं. ठेकेदार गेला, फळ्या गेल्या, वाळूचा ढीग मुलांनी संपवला, गटार काही पुढे सरकेना. कागदावर ते कुठपर्यंत गेलं आहे, एवढंच मला पाहायचं होतं.

शेजारचे नाना म्हणाले, "एम.बी. माग. बाकी कशाला हात लावू नको." एम.बी. म्हणजे मोजमाप पुस्तिका. झालेल्या कामाची लांबी-रुंदी-खोली अभियंत्याने जागेवर जाऊन तिच्यात लिहायची आणि तिच्यावरून ठेकेदाराचं बिल निघायचं, अशी पद्धत आहे. नाना त्याच नगरपालिकेच्या आस्थापना विभागातून निवृत्त झालेले. अर्ज कसा लिहावा यापेक्षा तो कसा फेटाळला जातो, हे त्यांना जास्त ठाऊक. त्यामुळे आमच्या आळीत त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय अर्ज बाहेर पडत नाही.

अर्ज जोडपत्र 'अ'मध्ये करायचा, त्यावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प चिकटवायचा. दहा रुपयांत हल्ली धड चहा मिळत नाही, माहिती मिळते. दारिद्र्यरेषेखालच्यांना तर तीही फुकट. माहिती अधिकार कायद्याचं कलम 6(2) स्वच्छ सांगतं, की अर्जदाराला माहिती का हवी ते विचारायचं नाही. आवक बारनिशीच्या खिडकीतल्या मॅडमनी आधी स्टॅम्प पाहिला, मग मला पाहिलं आणि म्हणाल्या,

"कशाला पाहिजे, काका?"

"कारण सांगावं लागत नाही. कायद्यात तसं आहे."

"नाही हो, ते आहेच. मी आपलं सहज विचारलं."

सहज विचारायला कुठल्याच कायद्याची बंदी नाही. शेजाऱ्याने नवी खुर्ची आणली तरी "काय, पाहुणे येणार वाटतं?" असं विचारल्याशिवाय पुढे न जाणारी आपण माणसं. संसदेने कितीही मनावर घेतलं तरी आपल्याकडे 6(2) पाळलं जाणं कठीण. मी कारण सांगून टाकलं. मग मॅडमनी त्यांच्या घरासमोरच्या गटाराची कथा सांगितली. शिक्का बसेपर्यंत मागच्या टेबलावरचे दोघे चर्चेत उतरले, त्यांतल्या एकाने ठेकेदाराचं नाव, गाव आणि कुणाचा मेहुणा तेही सांगितलं. तोंडी माहितीला शुल्क नाही, शब्दमर्यादा नाही, तीस दिवसांची मुदतही नाही. फक्त तिची साक्षांकित प्रत मिळत नाही.

केंद्राचा हा कायदा लागू झाला 12 ऑक्टोबर 2005 ला, आणि त्या दिवशी दसरा होता. गोव्याने 1997 साली आणि महाराष्ट्राने 2002 साली आपापले कायदे आधीच केले होते. अण्णा हजारे उपोषणाला बसले नसते तर आपला कायदा इतक्या लवकर झाला नसता, हेही खरं. केंद्राच्या कायद्याला मात्र थेट शिलंगणाचा मुहूर्त लाभला. कार्यालयांनी तो फारच मनावर घेतला म्हणायचा. मागायला जावं सोनं आणि हातात पडावीत पानं. दर पान दोन रुपये.

जन माहिती अधिकारी म्हटलं की कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर माहितीच्या साठ्यावर बसलेला माणूस येत असावा. प्रत्यक्षात हे पद नाही, अतिरिक्त कार्यभार आहे. ज्याच्याकडे आधीच कर, जन्म-मृत्यू आणि सभेची इतिवृत्तं अशी टेबलं आहेत, त्याच्या गळ्यात हाही पट्टा अडकवला जातो. माहिती असते बांधकामवाल्याकडे, माहिती द्यायची असते याने, आणि उशीर झाला तर रोज 250 रुपयांप्रमाणे 25,000 पर्यंतचा दंड याच्या खिशातून. बिचारा बांधकाम विभागाला चिठ्ठी पाठवतो, बांधकामवाले म्हणतात बिल निघालं तेव्हा पुस्तिका लेखा विभागात गेली, लेखा म्हणतं लेखापरीक्षण झालं की ती अभिलेख कक्षात जाते, आणि अभिलेख कक्षाला कुलूप असतं. आमच्या अधिकाऱ्यांचा मला राग येत नाही. आपल्याच कार्यालयाकडे माहिती मागणारा तो पहिला अर्जदार, आणि त्याला वीस रुपयांत अपील करायचीही सोय नाही.

उत्तर आलं ते मुदत संपायच्या आदल्या दिवशी. "आपण मागणी केलेली माहिती या कार्यालयाच्या अभिलेखात आढळून येत नाही, सबब पुरविता येत नाही." नाना म्हणाले, "नशीबवान आहेस. 'व्यापक स्वरूपाची' नाही म्हणाले." नानांनी मग नकाराचे प्रकार सांगितले. माहिती व्यापक असते, त्रयस्थ पक्षाची असते, संकलित स्वरूपात नसते. सगळ्यात वाईट म्हणजे प्रश्नार्थक असते. हे शेवटचं कारकुनांच्या मनाचं नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने 2008 साली म्हटलंय, की 'माहिती' या व्याख्येत 'का' या प्रश्नाचं उत्तर येत नाही. म्हणजे गटार किती, केव्हा, कितीला आणि कुणी, हे विचारा. गटार खांबाशी का थांबलं, हे विचारू नका. कायद्याच्या अंगाने हे बरोबरच आहे. जो कागद अस्तित्वात आहे तोच द्यायचा असतो, आणि 'का'चा कागद कुठल्याही कार्यालयात आजवर कुणी तयार केलेला नाही.

आता नोकरीकडे येतो, कारण माहिती अधिकाराच्या अर्जांत गटाराखालोखाल मागणी असते ती कर्मचाऱ्यांबद्दलच्या माहितीला. कलम 4 प्रमाणे प्रत्येक कार्यालयाने 17 बाबी न मागता स्वतःहून जाहीर करायच्या असतात. त्यात कर्मचाऱ्यांची यादी आहे आणि प्रत्येकाचा महिन्याचा पगारही आहे. एरवी आपल्याकडे पगार विचारणं असभ्य समजतात आणि 'वरकमाई' विचारणं व्यवहारी. लग्न जमवणाऱ्या मंडळींनी या 17 बाबींचा अभ्यास वाढवला तर निम्म्या मध्यस्थांची गरज संपेल. अडचण एवढीच, की बऱ्याच ठिकाणी ही यादी एकदा केली ती केली. तिच्यातले काही जण निवृत्त झाले, काही जण बदलून गेले, आणि एकाच्या नावापुढे लिहिलेला दूरध्वनी आता एका मिठाईच्या दुकानात वाजतो.

पगार जाहीर, पण त्या माणसाला मेमो किती मिळाले ते मात्र खाजगी. हा निकाल सर्वोच्च न्यायालयाचा, 2012 चा, आणि तो उगवला आपल्या अकोल्यातून. तिथल्या भविष्य निर्वाह निधी कार्यालयातल्या एका अधिकाऱ्याचे मेमो, मालमत्ता आणि चौकशीची कागदपत्रं एका अर्जदाराने मागितली होती. न्यायालय म्हणालं, कर्मचारी आणि त्याचा मालक यांच्यातली ती बाब आहे, व्यापक जनहित दाखवा. आता यातला मालक कोण, तर कर भरणारे आपणच, पण हा प्रश्न पुन्हा 'का'च्या जातीचा होतो. पुढे 2023 च्या डेटा संरक्षण कायद्याने खाजगी माहितीचं ते अख्खं कलमच छाटून एका ओळीवर आणलं. शब्दमर्यादा सरकारने स्वतः पाळल्याचं मला माहीत असलेलं हे एकमेव उदाहरण.

कर्मचाऱ्यांची माहिती मागण्यात सगळ्यात पुढे कर्मचारीच असतात, हे बाहेरच्यांना खरं वाटत नाही. ज्येष्ठता यादीत आपल्या वर कोण, आरक्षणाच्या बिंदुनामावलीत आपला बिंदू कुणी पळवला, अमक्याच्या जात वैधतेचा दाखला आला का, हे अर्ज आतल्याच टेबलांवरून सुटतात, बहुधा पत्नीच्या किंवा मेहुण्याच्या नावाने. नानांचं स्वतःचं उदाहरण आहे. आयुष्यभर ज्या कपाटाची किल्ली त्यांच्या जानव्याला होती, त्याच कपाटातलं स्वतःचं सेवापुस्तक पाहायला त्यांना निवृत्तीनंतर जोडपत्र 'अ' भरावं लागलं. पेन्शनच्या वेळी लक्षात आलं, की मधली काही वर्षं कुणी पडताळणीची सहीच केलेली नाही. ज्याने करायची तो कारकून म्हणजे नानाच. सेवापुस्तकाच्या पहिल्या पानाची झेरॉक्स त्यांनी मला दाखवली. जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, उंची, बोटांचे ठसे आणि 'ओळखीची खूण : हनुवटीवर तीळ'. नाना पेन्शन विभागात तीळ घेऊन समक्ष हजर असतानाही साहेबांनी त्यांना ओळखलं नाही. त्यांना सही हवी होती.

अशा नोकऱ्या मिळवायला मात्र रांग लागते. पालिकेची कायम नोकरी म्हटली की पदाचं नाव कुणी विचारत नाही. मुंबई महानगरपालिकेत रात्रपाळीचे मूषक संहारक असतात. काठी आणि बॅटरी घेऊन रात्रीत 30 उंदीर मारायचे आणि सकाळी मोजून द्यायचे. याही पदासाठी पदवीधरांचे अर्ज आलेले आहेत, आणि त्यात हसण्यासारखं मला काही दिसत नाही. उद्दिष्ट ठरलेलं, काम दिसणारं आणि पुरावा शेपटीसकट हजर. एका रात्रीत तीस. त्याच महाराष्ट्रात एका कागदासाठी तीस दिवस. आमच्या अभिलेख कक्षाला हे पद मंजूर व्हावं असं मला फार वाटतं. पण नवीन पद म्हटलं की मंजूर पदांचा आकृतिबंध येतो, आणि आकृतिबंधाच्या दाराशी आस्थापना खर्च उत्पन्नाच्या 35 टक्क्यांच्या आत ठेवा हा नियम उभा असतो. उत्पन्न वाढवायला वसुली हवी, वसुलीला माणसं हवीत, माणसं घ्यायला उत्पन्न हवं. मग जागा रिकाम्या राहतात आणि टेबलं एकमेकांना जोडली जातात.

या रांगेला एक अपवाद आहे. सफाई कामगाराच्या वारसाला नोकरी मिळावी, ही लाड आणि पागे समित्यांची शिफारस. तिची थट्टा करण्याचं कुणाला कारण नाही. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना दुसरं काम मिळू दिलं नाही, त्यांना निदान हे तरी कायमचं मिळावं, इतकी ती साधी आहे. गंमत पुढे आहे. वडिलांच्या जागी लागलेला मुलगा बी.कॉम. असतो, त्याला टायपिंग येतं, आणि कार्यालयात लिपिकाची जागा रिकामी असते. मग कागदावर तो सफाई कामगार, सकाळची हजेरी आरोग्य विभागात आणि दिवसभर संगणकासमोर. काम लिपिकाचं, पगार सफाईचा, आणि बढतीचा विषय काढला की "तुझं मूळ पद बघ". माझ्या अर्जाचं उत्तर टाइप करणारा मुलगा असाच एक. हे मला त्याच्याकडूनच कळलं, आणि त्याची साक्षांकित प्रत अर्थातच नाही.

पहिलं अपील केलं, वीस रुपयांत. सुनावणीला मुख्याधिकारी, त्यांच्या उजव्या हाताला त्यांचेच माहिती अधिकारी, समोर मी. माझ्या आधी एका गृहस्थांचं अपील होतं. त्यांनी सर्वांना स्वतःचं कार्ड दिलं. नावाखाली 'माहिती अधिकार कार्यकर्ता', त्याखाली दोन संघटनांची पदं आणि तीन फोन नंबर. गावातल्या यच्चयावत बांधकाम परवानग्या त्यांनी मागितल्या होत्या आणि आज त्यांना अपील मागे घ्यायचं होतं. समाधान झालं म्हणाले. माहिती न मिळता समाधान कसं होतं, हे मी विचारणार होतो, पण गोवा खंडपीठ आठवलं. अशा माणसांमुळे कारकुनांना प्रत्येक अर्जदार खंडणीवाला वाटू लागतो, आणि त्याची किंमत सरळ माणसं मोजतात. काहींनी तर फारच मोठी मोजली. जमिनींचे व्यवहार उघडकीला आणणारे तळेगाव दाभाड्याचे सतीश शेट्टी 2010 च्या जानेवारीत सकाळी फिरायला बाहेर पडले असताना मारले गेले. 'आरटीआयवाला' हा शब्द कार्यालयात ज्या सुरात उच्चारला जातो, तो ऐकताना हे नाव आठवावं.

मुख्याधिकारी तरुण होते. त्यांनी माझ्यासमोर अधिकाऱ्यांना सांगितलं, की फाइल सापडत नाही हे कायद्यात नकाराचं कारणच नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने 2013 साली तसं बजावलंय आणि आपल्या राज्याच्या 2005 च्या अभिलेख कायद्यात तर पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. कैद हा शब्द ऐकून माहिती अधिकाऱ्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर सुटका दिसली. तिथे निदान एकच टेबल असतं. आदेश झाला : अर्जदारास सोमवारी अभिलेखाची पाहणी करू द्यावी.

अभिलेख कक्ष म्हणजे जिन्याखालची लांबट खोली. कागदांची वर्गवारी फार शास्त्रशुद्ध असते. 'अ' कायम ठेवायचे, 'ब' तीस वर्षं, 'क' दहा वर्षं आणि 'ड' वर्षभरात नष्ट. वाळवीला हे वर्ग कुणी समजावलेले नसल्यामुळे तिने सुरुवात 'अ'पासून केली होती. रॅकवर लाल रुमालात बांधलेले गठ्ठे, त्यांवर दोऱ्याने लटकवलेली पुठ्ठ्याची चिठ्ठी आणि चिठ्ठीवर शाई उडालेलं काहीतरी. पेशव्यांच्या दप्तरातले रुमाल अजून पुण्यात उघडून वाचता येतात. आमचे वीस वर्षांपूर्वीचे रुमाल उघडायला अभिलेखपाल लागतो, आणि ते पद तो निवृत्त झाल्यापासून रिक्त आहे. शिपाई म्हणाला, "साहेब, मला गठ्ठे उचलता येतात. कुठल्या गठ्ठ्यात काय, ते मामांनाच ठाऊक."

नानांनी मामांना, म्हणजे त्या निवृत्त अभिलेखपालांना, फोन लावला. मामा नातवाला शाळेतून आणायला गेले होते. नोकरीच्या दिवसांची आठवण झाल्यासारखे थोडे खुलले आणि फोनवरच म्हणाले, "गटाराची ना? बांधकामात बघू नका. त्या वर्षी रॅक भरला होता. दाराच्या मागे, पाणीपुरवठ्याच्या रुमालात, तळाला."

दाराच्या मागे, पाणीपुरवठ्याच्या रुमालात, तळाला एम.बी. होती.

गेली काही वर्षं फाइली 'गहाळ' झाल्याचं वाचतो, त्यांतल्या काही कुणीतरी गायब केलेल्या असतात यात शंका नाही. पण बऱ्याच फाइली जागच्या जागीच असतात. त्या कुठे आहेत हे माहीत असलेला माणूस निवृत्त झालेला असतो. त्याची जागा भरली जात नाही, आणि कार्यालयाची स्मृती रोज संध्याकाळी देवळाच्या पारावर येऊन बसते. माहिती अधिकाराची निम्मी अपिलं एका अभिलेखपालाच्या पगारात मिटतील, असं माझं मत आहे. त्याला किती खर्च येईल ते कलम 4 खाली पाहून घ्यावं.

पुस्तिकेत गटार सुंदर होतं. खांब ओलांडून, सगळी गल्ली पार करून, चौकात मोठ्या नाल्याला मिळालेलं. शेजारी रेखाटन, उताराचे बाण, 'समक्ष मोजले' असा शेरा आणि खाली सही. त्या पानाची साक्षांकित प्रत मी दोन रुपयांना घेतली आणि पुढची तक्रार दाखल केली. ती प्रलंबित आहे. दुसऱ्या अपिलापर्यंत जावं लागलं तर तिथे निकाल किती दिवसांत लावायचा, याला कायद्यात मुदतच नाही.

वाचकांपैकी कुणाला आपलं गटार, आपला रस्ता किंवा आपलं सेवापुस्तक पाहायचं असेल तर अर्जाचीसुद्धा गरज नाही. 2018 च्या शासन निर्णयाप्रमाणे जिल्हा कार्यालयं आणि स्थानिक संस्थांनी दर सोमवारी दुपारी तीन ते पाच अभिलेख पाहणीसाठी खुले ठेवायचे आहेत. पुणे महानगरपालिका हे त्याआधीपासून करत आली होती. सोमवारी सुट्टी असेल तर पुढच्या कामाच्या दिवशी जा. तीनला जा, साडेचारला जाऊ नका. पेन मात्र बाहेर जमा करावं लागेल, कारण 2012 च्या त्याच दुरुस्तीप्रमाणे अभिलेख पाहताना फक्त पेन्सिल जवळ ठेवता येते. ती घरूनच टोक काढून न्या. आणि जाण्याआधी गावातल्या मामांचा फोन नंबर मिळवून ठेवा.